बाबांचा कान

आमच्या ट्रकचे दुखणे बाबा आवाजावरून ओळखत. पण २०१४ सालचा तो ट्रक एकदा सुरूच होईना. आवाजच नाही, तर कान काय करणार! बॅटरी, फ्यूज, अर्थिंग सारे ठीक होते. इंजेक्टरने डिझेल केव्हा, किती सोडायचे हे ठरवणारा इसीएमचा डबाच बिघडला होता. मिस्त्रींनी बॅटरी सोडवून नवा डबा बसवला. तरी इंजिन मुकेच! लॅपटॉप जोडून नव्या डब्याला ट्रकची ओळख करून द्यावी लागली. प्रत्येक इंजेक्टरवरचा सांकेतिक क्रमांकही हवा होता. बाबांनी फडक्याने मळ पुसला. अक्षरे बारीक, त्यातून इंग्रजी.

"पोरा, तू वाच."

मी वाचले. इंजिन धडधडले. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले. वाचता येण्याचा मला प्रथमच संकोच वाटला.