बोललेले हसू, लिहिलेले हसू

माझे वडील मोठे गोष्टीवेल्हाळ होते. इंदूरच्या आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली, की ते एका विसराळू पोस्टमनची नक्कल करीत आणि शेजारची मंडळीही ओसरीवर येऊन बसत. ते गेल्यावर मुलांसाठी त्या गोष्टी उतरवून ठेवाव्यात, म्हणून मी एक वही केली. चार गोष्टी पत्नीला वाचून दाखविल्या. ती हसली नाही. खरे सांगायचे तर मलाही हसू आले नाही. वही कपाटात गेली.

भाषांतर हा माझा पोटापाण्याचा उद्योग. एका भाषेतला विनोद दुसरीत नेताना सांडतो, हे मला ठाऊक होते. परंतु जिभेवरून कागदावर येतानाही तो तितकाच सांडतो, हे त्या वहीने शिकविले.

अशा वेळी ट्रेव्हर नोआ यांचे 'बॉर्न अ क्राइम', म्हणजे 'जन्म हाच गुन्हा', हे २०१६ सालचे पुस्तक हाती आले. रंगमंचावर एकट्याने उभे राहून लोकांना हसवीत देशोदेशी दौरे करणारे हे दक्षिण आफ्रिकेतील कलावंत. २०१५ ते २०२२ या काळात ते अमेरिकेतील 'द डेली शो' या कार्यक्रमाचे सूत्रधार होते.

त्यांचा जन्म १९८४ सालचा, जोहान्सबर्गचा. आई खोसा समाजातील, वडील गोरे, स्विस. काळ्या-गोऱ्यांच्या अशा संबंधास १९२७ पासून कायद्याने बंदी होती. ती १९८५ साली उठली. म्हणजे हे मूल हाच गुन्ह्याचा चालताबोलता पुरावा! रस्त्यात पोलीस दिसले, की आई त्याचा हात सोडून देई. जणू ते दुसऱ्या कुणाचे.

रंगमंचावर नोआ यांचे भांडवल म्हणजे माणसांचे हेल आणि उच्चार. कागदावर ते भांडवल बुडीतच! त्यांनी ते वसूल करण्याचा हट्ट धरला नाही. अनेक प्रकरणांआधी त्या राजवटीविषयी चार सरळ ओळी लिहिल्या आणि मग प्रसंग सांगितला. काही झुलू तरुण त्यांना लुटण्याचा बेत करीत मागून येत होते. नोआ वळले आणि झुलू भाषेतच म्हणाले, आपण सगळे मिळून दुसऱ्या कुणाला तरी लुटू या. तरुण ओशाळले. यात विनोदी शब्द एकही नाही; भीती आधी कळलेली असते, म्हणून हसू येते. शेवटी तर, २००९ साली घटस्फोटित पतीने गोळी झाडल्यावर रुग्णालयात पडलेली आईच पहिला विनोद करते.

तेथे मी पुस्तक मिटले. आमचा पोस्टमन विसराळू का वाटे, हे माझ्या वहीत कोठेच नव्हते. वडिलांची गिरणी बंद पडली होती आणि आम्ही काकांच्या मनिऑर्डरची वाट पाहत होतो.

गेल्या रविवारी वही पुन्हा काढली. पहिल्या पानावर, पोस्टमनच्याही आधी, त्या दिवसांत आमटी किती पातळ होई ते लिहिले. पत्नीला अजून वाचून दाखविलेले नाही.