वगळलेल्या ओळी

माणसाच्या चौदाव्या गुणसूत्रावर, प्रतिपिंडाची जड साखळी जिथून घडते त्या पट्ट्यात, सुमारे सव्वाशे व्ही-खंड, म्हणजे जनुकाचे सुटे तुकडे, आहेत. त्यांतले चाळीस-पंचेचाळीसच कामाचे. उरलेली बहुतेक छद्मजनुकं: कुठे मधेच थांबण्याचा संकेत आलेला, कुठे अक्षरं गळून वाचन बिघडलेलं. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. उमेदीच्या काळात मी एवढ्यावरच त्यांचा निकाल लावून टाकला होता. त्यापायी माझ्या एका विद्यार्थिनीचं निरीक्षण मी मोडीत काढलं आणि काही वर्षांनी नेमकी उलटी चूक केली.

आमचं काम उंदराच्या अस्थिमज्जेतल्या कोवळ्या, पुढे प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशींवर चालायचं. या पेशी आधी डी आणि जे हे खंड जोडतात, मग त्यांना एक व्ही-खंड जोडतात. कोणता व्ही निवडला जातो, यावर पुढचं प्रतिपिंड ठरतं. जोडणी होण्याआधी कोणते व्ही-खंड ‘बोलतात’, म्हणजे कोणत्यांचा आरएनए बनतो, हे ती विद्यार्थिनी तपासत होती. तिच्या जेलवर एका छद्मजनुकाची पट्टी ठळक दिसली. मी पाहताक्षणी म्हणालो, “डीएनए राहिलाय नमुन्यात. परत कर.”

तिने परत केलं. नमुना डीएनए तोडणाऱ्या डीएनेझने धुतला आणि शेजारच्या रकान्यात, आरएनएवरून डीएनए बनवणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेला नमुना चालवला. तो रकाना कोरा होता. डीएनएची भेसळ असती, तर तिथेही पट्टी उमटायला हवी होती. “सर, हा आरएनएच आहे,” ती म्हणाली. तिचं बरोबर होतं, आणि तो कोरा रकाना माझ्या डोळ्यांसमोर होता. तरी मी म्हणालो, “असेल. पण ते छद्मजनुक आहे, त्याचं करायचं काय? तक्त्यातून काढून टाक.” तिने त्या ओळी काढल्या. शोधनिबंध त्यांच्याविना छापून आला. पुढे तिने विषय बदलला. नमुने फ्रीझरच्या साफसफाईत गेले आणि ते काम पुन्हा उभं राहिलं नाही.

हे अज्ञानातून झालं असतं, तर मला कमी बोचलं असतं. न जुळलेले व्ही-खंडही कोवळ्या बी-पेशींत आरएनए बनवतात, हे यान्कोपोलस आणि आल्ट यांनी 1985 सालीच दाखवलं होतं. कोंबडीचं उदाहरण तर मी दरवर्षी वर्गात शिकवत असे. तिच्या हलक्या साखळीत कामाचा व्ही-खंड एकच असतो आणि त्याच्या वरच्या बाजूला पंचवीस छद्मजनुकं असतात. बर्सा या अवयवात बी-पेशी वाढताना त्या छद्मजनुकांतले तुकडे उतरवून घेऊन कामाच्या खंडात भरले जातात, आणि एका खंडातून नानाविध प्रतिपिंडं तयार होतात. रेनो, वाइल आणि सहकाऱ्यांनी हे 1987 साली मांडलं. या देवघेवीला एआयडी हे विकर लागतं, हे 2002 साली सिद्ध झालं. हे सगळं मी फळ्यावर काढून दाखवायचो. मात्र ‘कोंबडीची तऱ्हा वेगळी’ असं मनाशी म्हणून प्रयोगशाळेत येताना ते वर्गातच ठेवून यायचो.

2018 साली आल्ट यांच्या गटाचा निबंध वाचला. उंदराच्या जड साखळीत डी-खंडांना सर्वांत जवळचा व्ही-खंड हे एक छद्मजनुक आहे: व्हीएच 5-1. जवळ असूनही ते क्वचितच निवडलं जातं आणि त्याच्या पलीकडचा व्हीएच 81एक्स मात्र भरपूर. कारण शेजारच्या जागेत होतं. सीटीसीएफ हे प्रथिन जिथे बसतं, ती जागा छद्मजनुकापाशी मोडकी आहे. संशोधकांनी ती दुरुस्त केली, तेव्हा तेच छद्मजनुक सर्वाधिक जोडलं जाऊ लागलं. अशा जोडणीतून प्रतिपिंड बनत नाही, म्हणजे पेशीचा एक डाव फुकट जातो. जोडणी करणारं रॅग विकर गुणसूत्र चाचपत जातं तेव्हा कुठे थबकतं आणि काय ओलांडून पुढे जातं, हे त्या छद्मजनुकामुळे स्वच्छ दिसलं.

या वाचनानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. एका परिषदेत मी ठासून सांगितलं, की छद्मजनुकांचा आरएनए पेशीच्या वाढीचं नियमन करतो. पट्टा उघडतो, शेजारच्या खंडांना वाट करून देतो. माझ्याकडे पुरावा होता तो फक्त आरएनए सापडल्याचा. प्रश्नोत्तरांत एका तरुण संशोधिकेने शांतपणे विचारलं, “ते छद्मजनुक काढून टाकलं तर काय बदलतं?” मी ते काढून पाहिलंच नव्हतं. उघडलेल्या पट्ट्यात शेजाऱ्यांबरोबर तेही वाचलं जात असेल आणि त्या आरएनएचा पुढे काहीच उपयोग नसेल, ही शक्यता तितकीच खरी होती. तिथे मी तेवढंच कबूल करून खाली बसलो. त्या मांडणीवर आधारलेला प्रकल्पाचा प्रस्ताव नंतर मागे घेतला. त्यावर नेमणूक होणार असलेल्या मुलाला दुसरीकडे जागा शोधावी लागली.

पहिल्या वेळी प्रथिन नाही म्हणून मी काम नाकारलं, दुसऱ्या वेळी आरएनए आहे म्हणून काम गृहीत धरलं. दोन्ही वेळा पेशीला विचारायचं राहिलं. कोंबडीत छद्मजनुक अक्षरांचं कोठार आहे. उंदरात व्हीएच 5-1 वाटेत असूनही ओलांडलं जातं आणि कामाच्या खंडाची पाळी येते. हे दोन निष्कर्ष टिकले, कारण कोणीतरी क्रम वाचून ताडून पाहिला, जागा दुरुस्त करून पाहिली. त्या विद्यार्थिनीला मी “काढून टाक” म्हणालो, ते तक्त्यातल्या ओळींबद्दल. तेच उंदराच्या गुणसूत्रातल्या त्या खंडाबद्दल म्हणालो असतो, तर तिच्या हाती एक खरा प्रयोग लागला असता.