धारवाड आलं का?

फेब्रुवारीत आम्ही अत्तेंना धारगळला दाखवायला नेले. अत्ते म्हणजे माझ्या सासूबाई. माझे माहेर मराठी, सासर कन्नड. लग्नाला बावीस वर्षे झाली तरी ‘आई’ऐवजी ‘अत्ते’च तोंडात बसले आहे. वय एक्क्याऐंशी. गुडघे झिजलेले, आणि गेली तीन वर्षे विसर इतका वाढलेला, की जेवून हात धुतला की ‘ऊटा याक कोडलिल्ल?’ म्हणून माझ्यावरच रागावतात.

धारगळ पेडणे तालुक्यातले. तिथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी, मोपाच्या विमानतळाबरोबर एकाच दिवशी त्याचे उद्घाटन झाले. चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली करत आम्ही निघालो. काजूला मोहोर होता. अत्तेंचे माहेर धारवाडचे, त्यामुळे गाडीत कुणी ‘धारगळ’ म्हटले की त्यांचा चेहरा खुलायचा. ‘धारवाड बंतेनु?’ धारवाड आलं का? पहिल्या चार-पाच वेळा मी हसले. नंतर ओरडले. ह्यांनी गाडी जरा हळू केली, बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

वैद्यबाईंनी अत्तेंचे गुडघे पाहिले, औषधे लिहून दिली. मग त्यांचे लक्ष माझ्या हाताकडे गेले. “हे कधीचं?” भाकरीच्या तव्याचा चटका होता, पाच आठवड्यांपूर्वीचा. रक्तातली साखर तपासून झाली होती, ठीक होती. मलम चालू होते. तरी जखम धरतच नव्हती. “रात्री झोप किती होते?” असे त्यांनी विचारले आणि मला उत्तरच देता येईना. अत्ते रात्री दोन-तीनदा उठून दाराची कडी काढू पाहतात.

गंमत अशी, की मी अठरा वर्षे कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि हा धडा मला तोंडपाठ आहे. रोचेस्टर विद्यापीठाच्या रॉबर्ट एडर यांनी उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी पाजून सोबत प्रतिकारशक्ती दडपणारे औषध टोचले. पुढे नुसते गोड पाणी दिले, तरी उंदरांची प्रतिकारशक्ती मंदावली. निकोलस कोहेन यांच्यासह त्यांनी हे 1975 साली प्रसिद्ध केले. तोवर शरीराचे हे संरक्षक दल मेंदूला न विचारता आपले काम करते, असेच बहुतेक जण मानत. नंतर प्लीहेत आणि लसिका ग्रंथींत चेतातंतू पोचलेले दिसले, तेव्हा तारच सापडली म्हणायची.

मला मात्र आठवला तो 1995 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास. ओहायोतल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची शुश्रूषा करणाऱ्या तेरा बायका घेतल्या आणि त्यांच्याच वयाच्या, तेवढ्याच उत्पन्नाच्या आणखी तेरा. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. दुसऱ्या गटाची जखम सरासरी 39 दिवसांत भरली, शुश्रूषा करणाऱ्यांची 49 दिवसांत. हा आकडा मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिते आहे! लांबलेल्या ताणात मेंदूच्या हुकमाने कॉर्टिसोल वाढते, आणि जखमेवर धावून येणाऱ्या पेशींना बोलावणारे निरोप क्षीण होतात. जखम भरायला सुरुवातीला थोडी सूज, थोडा दाह लागतो. तोच नीट होत नाही.

उलट, दाह आवरायलाही मज्जातंतूच लागतात. मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस आहे. मराठी पुस्तकांत तिला प्राणेशा म्हणतात. ती प्लीहेतला दाह कमी करू शकते, हे केविन ट्रेसी यांनी दाखवले. आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, या नसेला विजेचा हलका झटका देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत 2025 साली मान्यता मिळाली. अत्तेंचे दुखणे ते नव्हे, हेही सांगून ठेवते, नाहीतर उद्या कुणीतरी ते यंत्र विचारायला येईल. आणि मन घट्ट केले की रोग पळतो, असा अर्थ तर मुळीच काढू नका. आजारी माणसाला ‘तू काळजी करतोस म्हणून झालं’ असे ऐकवणे हा मला निव्वळ क्रूरपणा वाटतो.

परतीच्या वाटेवर डिचोलीत चहाला थांबलो. तिथूनच मी धारवाडला वन्संना फोन केला. तीन वर्षांत ‘मला जमत नाही’ हे मी एकदाही म्हटले नव्हते. चांगली सून म्हणवून घ्यायची हौस, दुसरे काय. तेवढे तीनच शब्द बोलताना घसा दाटला. पलीकडून वन्सं म्हणाल्या, “तू बोलवायची वाट बघत होते गं. न बोलावता आले, तर तुला राग येईल असं वाटायचं.”

त्या तीन आठवडे राहिल्या. रात्री अत्तेंजवळ त्या झोपायच्या. माझी जखम भरली. झोपेने, मलमाने की नुसते दिवस उलटल्याने, हे सांगता येणार नाही. एकाच हातावर प्रयोग होत नसतो.

वन्सं आल्या त्या संध्याकाळी अत्तेंनी लेकीला ओळखले नाही. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग मला खुणेने जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, “धारवाड बंत, नोडु.”