कुणाकडे चाकू आहे का?

नवा चाकू कसा चालतो ते बघायला लेकीने अंगणातली पडलेली कैरी उचलली आणि तिची एक फोड काढली. दोन मिनिटांत पातं निळंकाळं पडलं. फोडीच्या कडेलाही शाईची रेघ उमटली. पुसून ठेवू म्हणून मी चाकू हातात घेतला, पण पुसायचं राहूनच गेलं, कारण तो वास आला. कैरीचा चीक आणि ओलं लोखंड. पावसाच्या तोंडावर अण्णांच्या सदऱ्याच्या खिशाला यायचा, तोच.

आमच्या घरात आता सगळं स्टेनलेसचं आहे, विळीसुद्धा. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. ते कैरीला दाद देत नाही, काळं पडत नाही आणि आठवणही काढून देत नाही. साध्या लोखंडी पात्याचं तसं नसतं. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून पूर्वी शाई करत, तोच प्रकार कैरी चिरताना पात्यावर होतो. फळातला तुरटपणा आणि पात्यातलं लोह भेटलं की झाली शाई.

लेक कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या सत्रात कलमं बांधायचं प्रात्यक्षिक आहे आणि चाकू ज्याचा त्याने आणायचा. तिने स्वतःच बजेट ठरवलं, पाचशे रुपये. "त्याच्यावर गेलं तर माझी झेरॉक्स बुडते, बाबा." मला खरं तर राग यायला हवा होता. घरात कलमांचा चाकू आहे. अण्णांनी पस्तीस-चाळीस वर्षं त्याच्यावर कलमं बांधली. शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये तो पडून आहे, पातं झिजून झिजून चिंचेच्या कोवळ्या शेंगेएवढं उरलंय. पण तो तिला देऊन उपयोग नव्हता. कलमाचा चाकू एका अंगाने सपाट असतो, धारेचा उतार एकाच बाजूला. अण्णा उजवे, म्हणून उतार उजव्या बाजूला. मी डावखुरा, लेकही डावखुरी. डाव्या हातात तो चाकू धरला की पातं लाकडात तिरकं शिरतं आणि काप खोल बुडतो. लहानपणी मी दहा-बारा काड्या अशा नासल्या. अण्णा काही बोलले नाहीत. काड्या उचलून गोठ्यामागे टाकून आले आणि पुन्हा मला बसवलं नाही. "याचा हात कलमाचा नाही," असं आईला म्हणाले. मी ते बरीच वर्षं खरं धरून चाललो.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मृग लागून दोन-तीन दिवस झाले होते. कुंभार्ली घाट चढताना मेटॅडोर बंद पडली. मागे आम्ही नऊ-दहा माणसं, ड्रायव्हर आमच्याच वाडीतला. बॉनेट उघडलं तर वाफ. रेडिएटरचा रबरी पाइप टोकाशी चिरला होता. चिरलेलं बोटभर टोक कापून टाकायचं, उरलेला पाइप पुढे ओढून क्लिप आवळायची, एवढंच काम. ड्रायव्हर मागे आला आणि ओरडला, "कुणाकडे चाकू आहे का?"

चाकू अण्णांच्या खिशात होता. मला माहीत होतं, कारण माझा खांदा त्याच्यावर टेकलेला होता. मी तोंड उघडलं. अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. आणि समोर धुक्याकडे बघत राहिले.

असो. तर आम्ही चिपळूणच्या बाजारात गेलो.

दुकानदाराने आधी ठेवणीतला काढला. चकचकीत, लाल मुठीचा, अकरा कामांचा. कात्री, बाटलीचा ओपनर, बुचाचा स्क्रू, दात कोरायची काडी. असल्या चाकूंबद्दल माझं मत चांगलं नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीने १८२२ साली एक चाकू केला होता, त्याला १८२२ पाती होती. पुढे वर्षागणिक त्यात भर पडत गेली. बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं म्हणून केलेली वस्तू ती. तिने कुणी पेरू कापला असेल असं वाटत नाही. अकरा कामांचा चाकू हा त्याच घराण्यातला गरीब भाचा. पैसे अकरा ठिकाणी वाटले जातात आणि ज्या पात्याने कापायचं त्याच्या वाट्याला पत्रा येतो. (स्वित्झर्लंडमध्ये होतात ते खरे चांगले, त्यांची गोष्ट वेगळी. पण ते पाचशेत बसत नाहीत.)

मग लाकडी मुठीचे साधे घडीचे चाकू निघाले. बघायला सारखेच, पण सारखे नव्हते. मी अण्णा करायचे तसं करायला लागलो. पातं अर्धवट मिटून उजेडात धरायचं. मुठीच्या खाचेत ते मधोमध बसतं की एका गालाला घासतं, ते बघायचं. पूर्ण उघडून दोन बोटांनी आडवं हलवायचं. रिवेटपाशी लटपटलं तर ठेवून द्यायचं, कारण ढिलाई वाढतच जाते. मिटताना धार आतल्या पट्टीवर आपटते का, त्यासाठी कान द्यायचा. आपटत असेल तर धार प्रत्येक मिटण्याला बोथट होणार. मूठ गुळगुळीत नको, पावसात निसटते. "काका, कलमासाठी की भाजीसाठी?" दुकानदाराने विचारलं. लेक म्हणाली, "कलमासाठी. आणि डाव्या हातासाठी." तो हसला. डाव्या हाताचा चाकू तालुक्यात मिळायचा नाही म्हणाला. आम्हाला तो तयार मिळायची गरजही नव्हती. दोन्ही अंगांनी उतार असलेला, मऊ लोखंडाचा, दोनशे वीस रुपयांचा एक घेतला. लेकीने घासाघीस करून वर एक कुरुंदाचा दगड पदरात पाडून घेतला.

मऊ लोखंड म्हटलं की लोक नाक मुरडतात. महागड्या चाकूंच्या जाहिरातीत पोलाद किती कठीण, ते रॉकवेलचे आकडे देऊन सांगतात, साठ आणि वर. असलं पातं धार पुष्कळ दिवस धरतं हे खरं. पण ती गेली की मागच्या दारच्या पायरीवर परत येत नाही, त्याला हिऱ्याची कणी लावलेली कानस लागते. आमचं दोनशे वीसवालं आठवड्याला बोथट होईल आणि दहा मिनिटांत पुन्हा लागेल. फ्रान्सच्या साव्वा नावाच्या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलने १८९० साली असाच चाकू काढला. लाकडाची मूठ, एक पातं, साधं कार्बन पोलाद, गिऱ्हाईक शेतकरी. तो अजून होतो. १९५५ साली त्याला पातं अडवणारी कडी बसवली, एवढाच काय तो मोठा बदल. आपल्याकडे येईस्तोवर त्याचीही किंमत पाचशेच्या पलीकडे जाते, नाहीतर तोच घेतला असता.

अण्णांच्या चाकूचं टोक मुळात नीट होतं. ते माझ्या काकाने मोडलं. गणपतीच्या आधी भिंती रंगवायला काढल्या होत्या, रंगाचा डबा उघडायला त्याने देवळीतला चाकू उचलला आणि झाकणाखाली घालून उचकटला. टण्णकन आवाज आला. काका म्हणाला, "तुझा चाकूच हलका, दादा." आज तो ऐंशीच्या घरात आहे, प्रेमळ आहे, माझ्या मुलीला दर दिवाळीला पैसे देतो, आणि मी त्याला या एका गोष्टीची माफी दिलेली नाही. अण्णा दोन संध्याकाळी पायरीवर बसून पात्याची पाठ घासत राहिले. वरून खाली आणत आणत त्यांनी नवं टोक काढलं. पातं बोटभर आखूड झालं.

हे घाटातल्या प्रसंगाच्या आधीचं. म्हणून मला वाटायचं, अण्णा गप्प बसले ते यामुळे. एकदा दिला, टोक गेलं, पुन्हा नाही. पण रबराने पात्याचं काय बिघडलं असतं? शिवाय त्यांच्या पायाशी ओल्या गोणपाटात हापूसच्या काड्या होत्या. आठ-दहा दिवस आधी पानं खुडून डोळे फुगवलेल्या, पाटणच्या पुढे एका बागायतदाराकडे न्यायच्या. उशीर झाला तर त्या सुकणार, हे गाडीत त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. ड्रायव्हरने दाढीचं पान लावून बघितलं, ते तुटलं. दीड तासाने वरून एक लाकूडतोड्या आला, त्याच्या कोयत्याने पाइप कापला. वाकडातिकडा, पण बसला. अण्णा मधल्या वेळात दोनदा खाली उतरून पन्हळीच्या पाण्याने गोणपाट भिजवून आले.

घरी कुणाला मी हे सांगितलं नाही. त्यांनाही विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

'कलम' हा शब्द फार लोभी आहे. झाडाचं कलम, लिहायचं कलम आणि कायद्याचं कलम. तिघांमध्ये चाकू येतोच. बोरू तासायच्या चाकूला फारसीत कलमतराशच म्हणतात, आणि 'चाकू' हा शब्दही तिकडूनच आला. कायद्याचं म्हणाल तर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्रांच्या नियमांत येतं. घरकामाची नि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली. हे मी लेकीच्या आईला समजावून सांगितलं, कारण चाकू म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातला रामपुरी आला होता. त्या रामपुरात आता चौकात वीसेक फुटी चाकू उभा केलाय. आमचा मिटल्यावर करंगळीहून थोडा मोठा.

दोन दिवस मी आणि लेक पायरीवर बसलो. डाव्या हातासाठी उतार डावीकडे हवा, म्हणून उजवी बाजू दगडावर सपाट निजवून घासायची. पाणी टाकायचं, करड्या गाळातून पातं ओढायचं, उलटं करून बघायचं. पहिल्या दिवशी मी केलं. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातातून घेतला. संध्याकाळी तिने आंब्याची एक काडी कापली, पेन्सिलीएवढी, टोकाला दीड-दोन इंचांची पाचर, दोन्ही उतार एकेका ओढीत. मी काप उजेडात धरला. ओरखडा नव्हता. अण्णा असते तर त्यांनी तो जिभेला लावून बघितला असता, का ते माहीत नाही, पण लावायचे.

नंतर हात हुंगला, तर पुन्हा तो वास. लोखंडाला स्वतःचा वास नसतो म्हणे. लोखंड हाताळलं की कातडीवरचा स्निग्धांश बदलतो आणि त्याचा वास येतो, असं रसायनशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिलंय. म्हणजे खिशातून यायचा तो अर्धा वास कैरीचा, अर्धा अण्णांच्या हाताचा. आणि परवाचा माझ्या.

निघताना लेकीला एकच बजावलं, चाकू कुणाला द्यायचा नाही. डबे उघडायला तर नाहीच. मान डोलावून गेली. हॉस्टेलवर पोचल्याचा फोन रात्री आला. जेवण ठीक, खोली दुसऱ्या मजल्यावर, पंखा आवाज करतो. चाकूचं विचारलं तर म्हणाली, "शेजारच्या खोलीतल्या मुलीने नेलाय, बाबा. तिला लोणच्याचा डबा उघडत नव्हता."

मी म्हटलं, परत आला की आधी टोक बघ.