पंखांचा खर्च

एका मासिकात नाकतोड्याचा फोटो पाहिला आणि पान उलटायचं राहूनच गेलं. निळा नाकतोडा. आकाशी नव्हे, मोरपिशीही नव्हे. जुन्या एनॅमलच्या ताटाची कड असायची तसला निळा. ऑस्ट्रेलियातल्या कोशियुस्को पर्वताच्या आसपास राहतो, नाव कोशियुस्कोला त्रिस्तिस. पहाटेच्या गारठ्यात तो जवळजवळ काळा असतो. ऊन चढून अंग 25 अंशांपुढे तापलं की नर असा निळा होतो, 10च्या खाली उतरला की पुन्हा काळा. आणि उडता येत नाही. पंखांच्या जागी नुसत्या आखूड पट्ट्या.

मी लगेच नागपूरचा हिशेब मांडला. मे महिन्यात आमच्याकडे रात्रीही पारा तिशीच्या आसपास रेंगाळतो. हा प्राणी इथे आला तर चोवीस तास निळाच राहायचा. जगलाच तर.

कोशियुस्को 2228 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी 582 मीटर. हिवाळ्यात तिथे बर्फ. मोठे मरून जातात, मातीतली अंडी तेवढी तग धरतात. अशा ठिकाणी उन्हाळा हाती लागतो थोडा, वारा मात्र भरपूर. उडणाऱ्याला वारा कुठे नेऊन टाकेल याचा भरवसा नाही, आणि उडण्याचे स्नायू पोसायचे तर अंड्यांच्या वाटचं अन्न तिकडे जातं. डार्विननं मदीरा बेटावरच्या भुंगेऱ्यांचं उदाहरण दिलं होतं: साडेपाचशे जातींपैकी दोनशेंना उडताच येत नाही. मला हे वाचून का कोण जाणे बरं वाटलं. पंख म्हटले की आपल्याकडे लगेच भरारी, झेप, उत्तुंग वगैरे सुरू होतं. पंखांना खर्च येतो हे सत्कारसमारंभात कुणी बोलत नाही.

पंखांचा खर्च मी एकदा पाहिलाय. दुसऱ्यानं भरलेला.

मे 2020. सगळं बंद. काटोलहून मामाचा फोन आला, "अबे, आभायच दिसून नाही राह्यलं!" मागे थाळ्यांचा नुसता दणदणाट. मार्चमध्ये बाल्कनीत वाजवून झालेल्या थाळ्या तिकडे पुन्हा बाहेर निघाल्या होत्या. जोडीला पिंप, फटाके, सायलेन्सर काढलेला ट्रॅक्टर, कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर. मोर्शी-वरुडकडून आलेली टोळधाड संत्र्याच्या बागांवर उतरत होती. आंबिया बहाराची फळं झाडांवर होती, सुपारीपेक्षा जरा मोठी. मामा धावत होता, मामी फोन धरून होती आणि मी नागपुरात सोफ्यावर बसून "धूर वाढवा, धूर वाढवा" असे सल्ले देत होतो. टोळ दिवसा वाऱ्यासोबत शंभर-सव्वाशे किलोमीटरही जातात, अंधार पडला की झाडांवर बसतात. म्हणून फवारणी रात्रीची. रात्री अग्निशमनची गाडी आली. "लग्नाच्या वरातीसारखे मागंमागं गेलो आम्ही तिच्या," मामा नंतर सांगायचा. सकाळी झाडांखाली गुलाबी सडा, आणि वाचलेले उडून पुढच्या तालुक्यात. मामीचं म्हणणं एवढंच, की आवाज पावसासारखा होता आणि पाऊस काही नव्हता.

दिवाळीत गेलो तेव्हा मामीनं हॉर्लिक्सच्या बाटलीत ठेवलेला एक टोळ दाखवला. सुकून वालाच्या शेंगेसारखा झालेला. वरचा पंख चिवट, तपकिरी ठिपक्यांचा, शेपटीच्याही पुढे गेलेला. सुईच्या टोकानं तो उचलला तर खाली दुसरा पंख, पारदर्शक, नऊवारीच्या निऱ्या घालाव्यात तसा चुण्या करून ठेवलेला. उलगडायला गेलो आणि तुटला. मामी म्हणाली, "राहू दे. त्यानं काय कमी उलगडले?"

तेव्हापासून न उडणाऱ्यांकडे माझा ओढा आहे. तसं लांब जायलाही नको. विजापूर-धारवाडच्या ज्वारीत एक नाकतोडा आहे, ज्याला पंख नाहीत: कोलेमानिया स्फेनारिऑइडिस. म्हैसूर संस्थानातले कीटकशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांचं नाव त्याला 1910 साली बोलिव्हार या स्पॅनिश अभ्यासकानं दिलं. वर्षाला एकच पिढी. पहिल्या पावसानंतर जमिनीतून निघायचं आणि पायी पायी ज्वारी खात जायचं. तिथल्या शेतकऱ्याला हा काही गोंडस वाटणार नाही, हे मान्य. पण त्याच्यासाठी थाळी वाजवली तर तो जाणार कुठे?

आमच्याकडे उलट. नागपूरच्या टाकळीला, जी आता शहरातच आलीय, स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याला लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात जुने कीटक सापडले. काळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीच्या नियतकालिकात 1860 साली त्या कीटकांची माहिती छापून आली. हिस्लॉप 1863 मध्ये नागपूरजवळ पुराच्या पाण्यात बुडाले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला नाव आहे ते त्यांचंच. टाकळीचे ते कीटक बहुतेक भुंगेरे होते. बाकी अंग गेलं, पंखांवरची झाकणं तेवढी दगडात उरली.