निष्कंटक वाट

अद्भुतकथेतल्या वाटेला काट्यांची गरज असते, कारण जी वाट चालणाऱ्याला कुठेच अडवत नाही तिच्यावरून तो निघाला तसाच पोहोचतो, आणि वाचकाच्या वाट्याला पायपिटीचा शीण तेवढा येतो. अमेरिकन लेखक एल. फ्रँक बॉम यांची १९०९ साली प्रसिद्ध झालेली ‘द रोड टू ऑझ’ ही कादंबरी अशाच वाटेची आहे. ती उत्तरकथा आहे, म्हणजे आधीच्या पुस्तकातला प्रदेश आणि त्यातली माणसे पुढे नेणारी कथा. ऑझ या जादूच्या देशावरच्या मालिकेतला तिचा क्रमांक पाचवा. नावातच रस्ता असलेल्या या पुस्तकाला रस्त्याने काय करायचे असते याचाच विसर पडावा, हे खरोखर नवलाचे आहे.

१९०० साली आलेल्या पहिल्या पुस्तकाचे बळ उणिवांत होते. वादळाने उडवून नेलेल्या डोरोथीला घर हवे होते, बुजगावण्याला बुद्धी, पत्र्याच्या लाकूडतोड्याला हृदय आणि सिंहाला धैर्य. प्रत्येकाच्या पायांना त्याच्या उणिवेनेच गती दिली होती, आणि ज्याच्याकडे सगळे आशेने निघाले होते तो जादूगार शेवटी एक साधा, भेदरलेला बतावणीखोर निघाला होता. १९०७ च्या ‘ओझ्मा ऑफ ऑझ’मध्येही भय खरे होते: भूगर्भातल्या नोम राजाच्या महालात शोभेच्या वस्तू बनून पडलेली माणसे नेमकी ओळखायची, आणि ओळख चुकली की ओळखणाऱ्याने स्वतःच एखादी शोभेची वस्तू होऊन बसायचे, असा तिथला जीवघेणा खेळ होता. मात्र पुढच्याच वर्षीच्या पुस्तकात भूमीखाली अडकलेल्या मंडळींची सुटका होते ती डोरोथीने ठरलेल्या वेळी केलेल्या खुणेमुळे. ऑझची राणी ओझ्मा ती खूण जादूच्या चित्रात पाहते आणि जादूच्या पट्ट्याच्या बळावर सर्वांना अलगद आपल्याकडे खेचून घेते. कथेच्या अंगचा उपाय संपल्यावर वरून उतरणाऱ्या अशा सुटकेला ग्रीक नाट्यविचारात ‘यंत्रातून आलेला देव’ म्हणत, कारण रंगमंचावर देव खरोखरच यारीने उतरवला जाई. ॲरिस्टॉटलने या युक्तीला दोष दिला होता. बॉम यांनी मात्र तिला राजवाड्यातच कायमचे घर दिले.

‘द रोड टू ऑझ’मध्ये तर देव आरंभापासूनच हजर आहे. कॅन्ससमधल्या घराजवळ एक झिपऱ्या वाटसरू, ज्याला पुस्तकात शॅगी मॅन एवढेच नाव आहे, डोरोथीला वाट विचारतो. ती दाखवायला गेलेल्या डोरोथीसमोर रस्तेच रस्ते फुटतात आणि घर हरवते. इथपर्यंतची चाहूल सुंदर आहे, कारण ओळखीची वाट अनोळखी होणे हे बालपणातले एक आदिम भय आहे. परंतु शेवटी कळते ते असे की हा चकवा ओझ्मानेच घातला होता, कारण तिच्या वाढदिवसाला डोरोथी यायला हवी होती. सारा प्रवास ती चित्रात पाहत होती आणि वेळ पडली असती तर तिने सोडवलेही असते. एवढ्या एका कबुलीने मागची सगळी पाने एका लांबलेल्या निमंत्रणपत्रिकेवर येऊन ठेपतात.

या प्रवासात एकच प्रसंग खऱ्या भयाचा आहे. स्कूडलर नावाचे विचित्र जीव आपली मुंडकी उपटून चेंडूसारखी फेकून मारतात आणि वाटसरूंना पकडून त्यांचे सूप करायला निघतात. शॅगी मॅनजवळ प्रेमचुंबक आहे, म्हणजे बाळगणाऱ्यावर समोरच्याचे प्रेम जडवणारा धातूचा एक मळकट तुकडा; तो स्कूडलरांवरही चालतो, फक्त त्यांचे प्रेम सुपातल्या शॅगी मॅनवर असते. हा विनोद अस्सल बॉम यांचा आहे, क्रूर आणि निरागस एकाच वेळी. पुस्तकात प्रेमाला धार आहे ती इथेच, आणि ती चारदोन पानांत बोथट होते.

पात्रांचे तर याहून वाईट झाले आहे. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कादंबरीवरील आपल्या व्याख्यानांत सपाट आणि गोल पात्रे असा भेद मांडला: एकाच गुणाभोवती बेतलेले, एका वाक्यात सांगून संपणारे पात्र सपाट, आणि पटेल अशा रीतीने चकित करू शकणारे पात्र गोल. सपाटपणा हा मुळात दोष नव्हे, हेही त्यांनी डिकन्सचा दाखला देऊन सांगितले होते; बुजगावणे तरी दुसरे काय होते? पण बुजगावण्याच्या सपाटपणात एक विसंगती होती, कारण बुद्धी मागणाराच सर्वांत आधी युक्ती शोधत असे. नव्या पुस्तकातला बटन-ब्राइट हा लहानगा मुलगा जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला माहीत नसल्याचे सांगतो, आणि कोल्ह्यांचा राजा त्यालाच हुशारीचे बक्षीस म्हणून कोल्ह्याचे मुंडके बहाल करतो. पुढे गाढवांच्या नगरीत शॅगी मॅनलाही गाढवाचे डोके मिळते. ही शिरे घेऊन दोघे प्रकरणेच्या प्रकरणे चालतात, सत्याच्या तळ्यात न्हाल्यावर पूर्ववत होतात, आणि या सगळ्यात त्यांच्या बोलण्यात वा वागण्यात तसूभर फरक पडत नाही. डोकेच बदलले तरी ज्याचे काही बदलत नाही, त्याच्यापाशी बदलण्यासारखे काही होते का, अशी शंका येते. इंद्रधनुष्याची कन्या पॉलिक्रोम थंडी वाजू नये म्हणून सतत नाचत राहते. तिच्यात निदान एक लय आहे, म्हणून ती लक्षात राहते.

अखेरच्या प्रकरणांत तर कथा थांबते आणि रुखवत मांडले जाते. सांताक्लॉज येतो, इक्सची राणी झिक्सी येते, आल्याच्या पिठाचा जॉन डो येतो. बॉम यांच्या इतर पुस्तकांतली ही पाहुणेमंडळी ओळीने आत येतात, मानपान होतो आणि साबणाच्या फुग्यांतून त्यांची पाठवणी होते. लेखकाला आपली बाकीची पुस्तकेही मुलांनी वाचावीत असे वाटत असणार, आणि त्यात गैर काही नाही. परंतु जाहिरातीने प्रसंगाची जागा भरत नाही. पहिल्या आवृत्तीत रंगीत चित्रपृष्ठे नव्हती, त्याऐवजी पाने निरनिराळ्या रंगांच्या कागदावर छापली होती. जॉन आर. नील यांची रेखाचित्रे देखणी आहेत, तरी कागदाचा रंग बदलल्यावाचून प्रदेश बदलल्याचे जाणवू नये, ही कथेची हार आहे.

दोष केवळ थकव्याचा नव्हता. मुलांची पत्रे येत आणि ती दुसऱ्या गोष्टी लिहू देत नाहीत, अशी लटकी तक्रार बॉम प्रस्तावनेतून करत. शिवाय १९०८ च्या चित्रफितींच्या फिरत्या खेळाने त्यांना कर्जात घातले होते. पण खरी अडचण त्यांच्या स्वप्नात होती. याच पुस्तकात लाकूडतोड्या सांगतो की ऑझमध्ये पैसा नाही, ज्याला जे हवे ते शेजारी देतात. उणीवच नसलेल्या अशा आदर्श समाजाला यूटोपिया म्हणतात. राहायला तो उत्तम, गोष्टीला मात्र वैराण. बॉम यांना हे कुठेतरी कळत असावे, कारण प्रेमचुंबक चोरीचा असल्याचे शॅगी मॅन शेवटी कबूल करतो, आणि न कमावलेले प्रेम गृहीत धरणाऱ्या पुस्तकात यापेक्षा प्रामाणिक ओळ सापडत नाही.

१९१० साली ऑझला जगापासून अदृश्य करून त्यांनी मालिका सुफळ संपूर्ण केली, तर १९११ मध्ये दिवाळखोरी आली आणि १९१३ साली ‘द पॅचवर्क गर्ल ऑफ ऑझ’ घेऊन त्यांना परतावे लागले. हे पुस्तक मात्र सरस उतरले. त्यात ओजो नावाच्या मुलाचा काका संगमरवर होऊन पडला आहे, आणि उताऱ्यासाठी लागणाऱ्या जिनसांत पिवळ्या फुलपाखराचा पंख आहे. तो तोडू द्यायला दयाळू लाकूडतोड्या साफ नकार देतो. १९०९ मध्ये ज्या चांगुलपणाने कथानक झोपवले होते, तोच इथे आडवा येतो, आणि मुलाच्या दुःखापुढे फुलपाखराचे दुःख उभे राहते. हेही खरे की काकांना शेवटी वरूनच, ऑझमधल्या ग्लिंडा या चेटकिणीने शिकवलेल्या जादूने, जाग येते.