माळ्यावरची परात

बायकांना वजन उचलायची सवय नाही, असं कुणी म्हटलं की मला हसूच येतं. दळणाचा डबा, भरलेली बादली, कडेवरचं मूल, बाजाराच्या दोन पिशव्या, हे सगळं काय आपोआप उचललं जातं? आमच्या आजोळी बायका भरलेली घागर कमरेवरून एका हिसक्यात डोक्यावर घेत. लिटरला किलो धरला तरी दहा-बारा किलो सहज! घरात नळ आला, घागर गेली, आणि डोक्यावर वजन पेलायची सवयही तिच्याबरोबर गेली. आता खांद्याच्या वर हात जातो तो वेणी घालायला नाहीतर दोरीवर कपडे टाकायला. माळ्यावरची पितळी परात काढायची झाली की आपली हाक ठरलेली, "अहो, जरा येता का?"

ह्यात हसण्यासारखं काही नाही, हे मला आईकडे पाहून कळलं. बासष्टाव्या वर्षी ती न्हाणीघरात पडली, मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हात गळ्यात अडकवून काढलेल्या दिवसांत खांदा आखडला तो आखडलाच. अंबाडा घालायलाही तिला वहिनी लागायची. आई कधी कुरकुरली नाही. एक दिवस केस मात्र कापून आली.

मी पंचेचाळिशीत आले, पाळी मागेपुढे होऊ लागली, तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पाळी गेल्यावर हाडांची झीज वेगानं होते. चालणं चांगलंच, पण आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायामही हवा." जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांतही प्रौढांसाठी हेच सांगितलं आहे. मी गल्लीच्या टोकाच्या जिममध्ये नाव घातलं. ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आता दारासिंग होणार वाटतं!" मी म्हटलं, "आपल्या सांगलीचाच संकेत सरगर २०२२ साली बर्मिंगहॅमहून राष्ट्रकुल स्पर्धेचं रौप्यपदक घेऊन आला. आणि ऑलिंपिकचं पदक जिंकणारी पहिली भारतीय बाई, कर्णम मल्लेश्वरी, २००० साली वजनं उचलूनच जिंकली." ह्यांनी पेपर वर धरला.

तिथं मला सगळ्यांत आवडला तो ओव्हरहेड प्रेस. म्हणजे उभं राहून, खांद्यापाशी धरलेलं वजन सरळ डोक्यावर न्यायचं. गुडघ्याचा झोका घ्यायचा नाही. दिसायला सोपा, पण खांदे, दंड, पाठ, पोट, सगळ्यांची हजेरी घेतो.

शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिनं पहिला आठवडाभर नुसती काठी हातात दिली. पाय कमरेइतक्या अंतरावर. पकड खांद्यांच्या किंचित बाहेर. मनगट मागे मोडायचं नाही, कोपर मनगटाच्या बरोबर खाली हवं. पोट आणि नितंब घट्ट आवळायचे, मग श्वास घेऊन वर ढकलायचं. काठी तोंडावरून जाताना हनुवटी जराशी मागे घ्यायची, कपाळाच्या वर गेली की डोकं पुन्हा हातांच्या मध्ये आणायचं, खिडकीतून डोकावल्यासारखं. शेवटी कोपरं सरळ, आणि वजन थेट पावलांच्या मध्यावर. खाली आणताना धपकन सोडायचं नाही, सावकाश आणायचं.

नवशिक्यांची नेहमीची खोड म्हणजे वजन जड झालं की कंबर मागे वाकते आणि बरगड्या पुढे येतात. ही खोड भल्याभल्यांना असते बरं का! १९७२ सालच्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत हा प्रेस स्पर्धेत होता. पण वजन उचलणारे इतके मागे झुकू लागले, की योग्य काय नि अयोग्य काय हे पंचांना ठरवणंच अवघड झालं, आणि तो प्रकार बंद झाला. कंबर वाकायला लागली की वजन कमी करायचं, एवढं साधं धोरण ठेवावं.

आता वजन किती? जिममधला मोठा बार रिकामाच वीस किलोचा असतो, तो पहिल्याच दिवशी सहसा झेपत नाही. मी दोन-दोन किलोच्या डंबेलांनी सुरुवात केली. आठ वेळा वर, दोन-तीन मिनिटं विश्रांती, असं तीनदा. आठवड्यातून दोन दिवस. चार महिन्यांत दहा किलोच्या लहान बारपर्यंत आले आणि तिथं गाडी अडली. पुढची पायरी साडेबारा किलोची, म्हणजे एकदम सव्वापट! खांद्याचे स्नायू लहान, त्यांना एवढी उडी कशी मानवावी? शिकवणारीनं अर्ध्या किलोच्या चकत्या आणल्या. दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे किलोभरच वाढ. मिठाची चव पाहत पाहत मीठ घालावं तसं. शिवाय रोज वाटीभर उसळ, दही किंवा एखादं अंडं, आणि पुरेशी झोप. आठव्या महिन्यात मी पंधरा किलो पाच वेळा वर नेले.

घरी सुरुवात करायची असेल तर पाण्याच्या दोन एक-लिटरी बाटल्या पुरेत. स्नायू भरून येणं वेगळं आणि सांध्यात कळ येणं वेगळं. कळ आली की तिथंच थांबा. रक्तदाब असेल, खांदा आधीपासून दुखत असेल किंवा हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडून धरू नये. हात कानाला लागेल इतका वर जातच नसेल, तर वजन बाजूला ठेवा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी चालत चालत हात वर न्या. एवढंच रोज करा.

मैत्रिणींनो, घरात मदतीला माणसं आहेत ह्याचा आनंद आहेच. हाक मारायलाही काही हरकत नाही. पण ती हाक लाडाची असावी, नाइलाजाची नको.